डोहाळजेवणाचे कापडी फुलांचे दागिने: हारातली फुलं उलटी का होतात?

निशिगंधा_७
तीन आठवड्यांनी डोहाळजेवण आहे आणि पूर्ण संच कापडी फुलांचा करायचा आहे. बिंदी, कानातले, हार, दोन बाजूबंद, दोन हातातले, कंबरपट्टा आणि वेणी. सामान साधंच आहे: दीड इंची सॅटिन रिबन (पांढरी आणि राणी), थोडं ऑर्गंझा, पोलन (फुलाच्या मधोमध लावायचे तयार केसर), सोनेरी मणी, फेल्ट (दाबून केलेलं जाड कापड), ७ मिमी कांडीची छोटी ग्लू गन.

पाकळ्या छान होतात, अडचण पुढे आहे. नमुन्याचा हार करून हँगरला टांगला, तर पाच मिनिटांत निम्मी फुलं खाली मान घालतात आणि दोन-तीन चक्क पाठ दाखवतात. दोरी फुलाच्या मागे मधोमध चिकटवली आहे. शिवाय पांढऱ्या सॅटिनच्या कडा मेणबत्तीवर काळ्या पडतात, आणि कानातले जड वाटतात. हा संच अंगावर तीन-चार तास राहणार. कुठे चुकतंय?

टाकादोरा
फुलं उलटतात कारण दोरी एकच आहे. एकाच दोरीवर बसवलेलं फूल तिच्याभोवती लाटण्यासारखं फिरतं. पाकळ्या, पोलन, मणी सगळं वजन पुढच्या अंगाला आणि मागे नुसती फेल्टची चकती, मग ते पुढे कलणारच.

यावर दोन उपाय आहेत.

सोपा उपाय म्हणजे समांतर दोन दोऱ्या. ५ सेमी फुलाला साडेतीन सेमीची चकती घ्या. तिच्या मध्यापासून १ सेमी वर एक दोरी आणि १ सेमी खाली दुसरी. दोन्ही दोऱ्यांवर दोन फुलांच्या मध्ये एकेक मणी ओवा, म्हणजे फुलं एकमेकांवर चढत नाहीत. मात्र हाराला गोलाई हवी, म्हणून खालच्या दोरीवर मणी मोठा (८ मिमी) आणि वरच्या दोरीवर लहान (४ मिमी). दोन्हीकडे सारखे मणी घातले तर हार गळ्यात सरळ पट्टीसारखा उभा राहतो आणि कडा वर उचलतात.

पक्का उपाय म्हणजे बकरमची (कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाची) पट्टी. जी साडी नेसायची तिच्यावरच्या ब्लाऊजच्या गळ्यावर वर्तमानपत्र ठेवून आकार काढा, पट्टी ३ सेमी रुंद. बकरम दोन पदरी, खालून सुती अस्तर, कडेला तिरपी पट्टी. त्यावर फुलं शिवायची. एकही फूल हलत नाही.

मोतिया
टाकादोराला अनुमोदन. एक भर घालते: लहान मणी वर, मोठा मणी खाली हे गणित फक्त गळ्यालगतच्या हाराला. बेंबीपर्यंत लोंबणारा लांब हार करणार असाल तर सरळ भागात दोन्हीकडे सारखेच मणी आणि फक्त तळाच्या पाच फुलांत मोठे-लहान.

कात्रीबहाद्दर
काळ्या कडांबद्दल. आचेचं पिवळं टोक म्हणजे काजळी. पाकळी आचेच्या वर धरली की काळी पडणारच. ज्योतीच्या बुडाशी जो निळसर भाग असतो, त्याच्या बाजूला अर्धा सेमी अंतरावर कड आणायची आणि सरकवत न्यायची. कापड आत घालायचं नाही, उष्णतेनेच कड आवळते. पांढऱ्या रंगासाठी मेणबत्तीऐवजी शाळेच्या प्रयोगशाळेतला असतो तसा स्पिरिटचा दिवा घ्या, त्याला काजळी जवळजवळ नसते.

दुसरा रस्ता: २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, खाली काच, वर स्टीलची पट्टी. रिबन कापतानाच कड बंद होते, आचेचं काम निम्मं वाचतं. लाकडी पाटावर किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हे करू नका, पट्टी वितळून रिबनला चिकटते.

खिडकी उघडी ठेवा. नायलॉनची ओढणी अंगावर नको. बाजूला पाण्याची वाटी असू द्या, पेटलेली पाकळी फुंकून विझत नाही, वितळलेला थेंब बोटाला चिकटतो.

बकुळफूल
आधी रिबन वितळणारी आहे का ते बघा. एक धागा काढून पेटवायचा. टोकाला कडक गोळी झाली तर पॉलिस्टर, तिची कड बंद होईल. राख झाली तर सुती किंवा व्हिस्कोस, ती कितीही शेकली तरी फक्त करपणार. सुती सॅटिन घेऊन मेणबत्तीला दोष देण्यात अर्थ नाही :)

डोंबिवलीकर
गोंदाचं कुणी बोललं नाही अजून. छोट्या ग्लू गनने होणारी चूक म्हणजे गोंद पसरवत बसणं. त्यावर साय धरली की वरून ठेवलेलं फूल चिकटल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळी नखाने निघतं. वाटाण्याएवढा एकच थेंब, लगेच दाब, दहा सेकंद. गन लावल्यावर पाच-सात मिनिटं पूर्ण तापू द्या, अर्धवट तापलेला गोंद दाट येतो आणि कापडाच्या विणीत शिरत नाही.

शिवाय हा गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डबा ठेवला तर हाराची गाठोडी हातात येतील.

टाकादोरा
म्हणूनच वजन पेलणारा प्रत्येक सांधा सुईदोऱ्याने. चकती पट्टीला, कानातल्याचा हूक चकतीला, कंबरपट्ट्याची दोरी टोकाला, हे सगळं शिवलेलं हवं. पाकळीला पाकळी आणि मधला मणी गोंदाने चालेल.

सुबक_काम
मी असहमत. ६०-७० फुलं शिवत बसायची म्हणजे तीन आठवडे पुरणार नाहीत. चकतीच्या मागे दुसरी चकती गोंदाने बसवून मधे दोरी दाबली की पुरेसं पक्कं होतं. एका दिवसाचा कार्यक्रम आहे.

टाकादोरा
दोन चकत्यांमधे दाबलेली दोरी सॅटिनची असेल तर ती सुळकन सरकते, कारण गोंद तिच्या गुळगुळीत अंगाला धरत नाही. मग फुलं एका बाजूला गोळा होतात. तुमची पद्धत वापरायचीच तर दोरी सुती घ्या, आणि प्रत्येक फुलाच्या दोन्ही बाजूंना साधी गाठ मारा. वेळ तेवढाच वाचतो.

सुबक_काम
सुती दोरी आणि गाठ, मान्य. हे खरंच सोपं आहे.

मोतिया
घाईत फेविक्विक काढू नका, कृपया! सुती कापडावर किंवा कापसावर ते टाकलं की एकदम तापतं, बोट भाजण्याइतकं. सॅटिनवर पांढरी बुरशीसारखी साय येते आणि सांधा कडक होऊन मोडतो. मणी धातूच्या कडीला बसवायचा असेल तेवढ्यापुरतंच ते बरं.

पाटावरची_रांगोळी
निशिगंधाताई, रिबन किती लागेल याचा हिशोब केलात का? दुकानात पुन्हा तोच राणी रंग मिळेलच असं नाही, एका लॉटमधला गुलाबी दुसऱ्या लॉटमध्ये वेगळा निघतो.

बिंदी ३ फुलं, कानातले २, हार १५, बाजूबंद ६, हातातले ६, कंबरपट्टा १५, वेणी २०. एकूण ६७ फुलं. पाच पाकळ्यांचं फूल धरलं तर ३३५ चौकोन. दीड इंची रिबन म्हणजे ३८ मिमी, मीटरला २६ चौकोन निघतात. म्हणजे १३ मीटर, आणि वाया जाणारं धरून १५. दहा वारी गुंडाळी साधारण ९ मीटरची असते, तेव्हा दोन्ही रंग मिळून दोन गुंडाळ्या. हिरव्या पानांना एक इंची रिबन ३-४ मीटर वेगळी.

निशिगंधा_७
हा हिशोब सोन्यासारखा आहे, धन्यवाद! पाकळी मी तीनदा दुमडून करते, पण काहींची घडी नंतर उलगडते. ते का?

पाटावरची_रांगोळी
घडी उलगडते ती बुडाशी आच कमी लागल्यामुळे. चौकोन कर्णावर दुमडला, मग त्रिकोण अर्धा, मग पुन्हा अर्धा. कापलेल्या सगळ्या कडा ज्या बाजूला जमतात ते पाकळीचं बूड. ते २-३ मिमी सरळ छाटायचं आणि आठही पदर एकदम आचेजवळ न्यायचे. बरेच जण वरचे दोन पदर शेकून थांबतात, मधले सुटेच राहतात. शेकल्याबरोबर सपाट तोंडाच्या चिमट्याने तीन सेकंद दाबा. बोटाने नको, वितळलेलं सॅटिन कातडीला धरतं.

३८ मिमी चौकोनातून साधारण अडीच सेमीची पाकळी होते, फूल ५ सेमीचं. बिंदीला एवढं मोठं नको, तिथे एक इंची रिबनचे चौकोन घ्या.

ही घडी मूळची जपानची. तिथे त्सुमामी म्हणतात, रेशमी कापडाचे छोटे चौकोन चिमट्याने दुमडून केसांतले दागिने करतात. ते आच वापरत नाहीत, तांदळाच्या खळीवर पाकळ्या बसवतात. सुती किंवा रेशमी कापडाची फुलं करायची असतील तर तीच वाट धरावी.

खणाची_चोळी
खणाची फुलं करणाऱ्यांसाठी: खण आचेवर बंद होत नाही आणि धागे फार सुटतात. शिंप्याकडचं पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) मागे चिकटवा, मगच चौकोन कापा. काठाचा भाग वाया घालवू नका, त्याची २ सेमी पट्टी धावदोऱ्याने चुणून घेतली की बाजूबंदाच्या मधल्या फुलाला गोल झालर होते. डोहाळजेवणाला हिरवी साडी, म्हणजे गुलबक्षी किंवा जांभळा खण उठून दिसतो.

सखूबाई_मुलुंड
पांढऱ्या रंगाबद्दल एक निरीक्षण. बाजारातली पांढरीशुभ्र सॅटिन फोटोत निळसर येते, मोगरा वाटतच नाही. मोतिया रंगाची रिबन घ्यावी. चहाच्या पाण्यात बुडवून काढली तरी रंग चढेल ना?

बकुळफूल
सॅटिनवर नाही चढणार. पॉलिस्टर चहाचा रंग धरत नाही, धुतला की निघून जातो. मलमल, कापूस, रेशीम यांवर चहा छान बसतो. गजऱ्यासाठी मलमल वापरणार असाल तर दोन कप पाण्यात एक चमचा चहा पूड, दहा मिनिटं उकळून गाळा, कापड दोन मिनिटं बुडवा आणि सावलीत वाळवा. वाळल्यावर रंग फिका होतो, म्हणून ओलं असताना हवा त्याहून थोडा गडद दिसला पाहिजे.

मोतिया
गजरा निघालाच आहे तर सांगते. मोगऱ्याची कळी एक इंची रिबनची. ४ सेमीचा तुकडा, वरचे दोन्ही कोपरे मागे मधोमध दुमडून टोक काढायचं, मग दोन्ही कडा मागे एकावर एक घेऊन बुडाशी दोऱ्याचे चार फेरे. आत ५ सेमीची २८ गेज तार, तिचं टोक मुरडून कळीत अडकवलेलं. बूड शेकून वर हिरव्या दोऱ्याचे सहा-सात फेरे. हा हिरवा दोरा विसरू नका. कळीचा देठ दिसला नाही तर गजरा दुरून कापसाच्या माळेसारखा दिसतो.

गुंफायची पद्धत खऱ्या गजऱ्याचीच. फूलवाल्या केळीच्या सोपटाने बांधतात तशी, एक कळी या बाजूला, एक त्या बाजूला, देठावर देठ, फास ओढायचा. ६ मिमीला एक जोडी धरली तर ३० सेमी गजऱ्याला ५० जोड्या, म्हणजे १०० कळ्या. तार गुंफून झाल्यावर छाटायची आणि टोकं आत वळवायची, नाहीतर केसांत अडकतात.

सगळ्या कळ्या सारख्या मापाच्या करू नका. १०० पैकी २० साडेतीन सेमीच्या तुकड्यांच्या केल्या की गजरा खरा वाटतो.

डोंबिवलीकर
फुलांची हिरवी टेप केसांत वापरू नये, ती मेणट असते. उन्हाळ्यात केसांना चिकटते. दोराच बरा.

सातासमुद्रापार
इकडे परदेशात ताजा गजरा मिळणं कठीण, त्यामुळे हा चर्चेचा धागा जपून ठेवतेय. भारतातून असा संच मागवायचा झाला तर पॅकिंग कसं सांगावं? मागच्या वेळच्या पार्सलमधल्या पाकळ्या चपट्या झाल्या होत्या.

कात्रीबहाद्दर
अंड्याचा पुठ्ठ्याचा ट्रे. एका खळग्यात एक फूल, वरून दुसरा ट्रे उपडा, दोरीने बांधा. हार पट्टीवर शिवलेला असेल तर तो न मोडता गोल डब्यात. वर्तमानपत्रात गुंडाळू देऊ नका, पांढऱ्या सॅटिनला शाई लागते. जुनं मलमल किंवा पांढरा टिश्यू कागद.

चपटी झालेली पाकळी किटलीच्या वाफेवर वीतभर अंतरावर दहा सेकंद धरा आणि बोटाने फुगवा. त्याहून जवळ नेली तर गोंद सुटेल.

सातासमुद्रापार
मस्त! वाफेचं माहीत नव्हतं.

मखरवाला
विषय थोडा वळवतो. हीच फुलं मोठी करून डोहाळजेवणाच्या झोपाळ्याला आणि मागच्या पडद्याला, पुढे गौरी-गणपतीच्या मखराला वापरायची तर कागद कोणता?

पाटावरची_रांगोळी
क्रेप कागद असेल तर रेघा पाकळीच्या उभ्या दिशेत हव्यात. मग अंगठ्याने मधे ताणलं की वाटीसारखी खोली येते. रेघा आडव्या आल्या तर पाकळी लांब होते, खोलगट होत नाही. ३० सेमी फुलाला आत ५ लहान (८ × १० सेमी), मधे ६ मध्यम (१० × १३), बाहेर ७ मोठ्या (१२ × १६). मागे १० सेमीची पुठ्ठ्याची चकती.

पण भाद्रपदात क्रेप टाळा. दमट हवेत मान टाकतो आणि पाण्याचा थेंब पडला की रंग सोडतो. लाल क्रेपचा ओघळ मूर्तीवर आला तर तो निघत नाही. मखराला १८० ते २२० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कार्डशीट घ्या, पेन्सिलीवर कडा वळवा.

मखरवाला
थर्माकोलवर टाचण्यांनी बसवायचा विचार होता.

डोंबिवलीकर
दादा, थर्माकोल विसरा. २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल बंद आहे. कपाटाच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा दोन पदरी, नाल्या एकमेकांना काटकोनात ठेवून चिकटवा, वाकत नाही. फुलं दुहेरी टेपने नाही, मागे तारेचा आकडा करून पुठ्ठ्यात खोचा. म्हणजे पुढच्या वर्षी फुलं काढून वेगळी रचना करता येते.

आणि कापडी किंवा कागदी, कुठलंही बनवलेलं फूल निर्माल्यात टाकू नये. पॉलिस्टरचं सॅटिन हे प्लॅस्टिकच आहे, त्याचं खत होत नाही.

खणाची_चोळी
म्हणूनच म्हणते, मलमल, खण आणि कागद वापरा. सॅटिनचा एवढा आग्रह कशाला?

सुबक_काम
कारण सॅटिनची कड आचेने बंद होते आणि नवशिक्याचं काम नीटनेटकं दिसतं. मलमलीला खळ लागते, वाळायला दिवस जातो. संच पुन्हा पुन्हा वापरला तर सॅटिनही वाया जात नाही. डोहाळजेवणानंतर बारशाला हाराची दोन पदरं सुटी करून पाळण्याला बांधता येतात. मात्र मणी आणि पोलन काढून, आणि बाळाच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर.

खणाची_चोळी
बारशाची कल्पना आवडली.

सखूबाई_मुलुंड
धाग्याच्या मूळ विषयाकडे येते. कानातल्यांचं उत्तर राहिलं.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, एका कानाचं १० ग्रॅमच्या आत हवं. कमी करायची जागा पाकळ्यांत नाही, मागे आहे. फेल्टच्या दोन चकत्यांऐवजी एक फेल्ट आणि एक बकरम, गोंदाचा एकच थेंब, काचेच्या मण्याऐवजी पोकळ प्लॅस्टिकचा मोती. लोंबणारं दुसरं फूल काढून तिथे तीन कळ्या.

आणि कानवेल लावा! मोत्यांची वेल कानातल्याच्या चकतीला शिवायची, दुसरं टोक केसांतल्या पिनेला. वजन पाळीवर न येता केसांवर जातं. वेलीची लांबी कानाच्या पाळीपासून कानामागच्या पिनेपर्यंत मोजून त्यात १ सेमी वाढवा, अगदी ताणलेली वेल मान वळवली की ओढते.

टाकादोरा
कानवेल, अगदी! कंबरपट्ट्याबद्दलही सांगते, कारण तिथे माप चुकलं की सगळं वाया. सातव्या किंवा नवव्या महिन्यातली कंबर आज मोजून तीन आठवड्यांनी जुळणार नाही. फुलांची पट्टी फक्त समोरच्या अर्ध्या भागापुरती, साधारण ४५ सेमी, आणि दोन्ही टोकांना ७० सेमीची दोरी, गोंड्यासकट. मागे गाठ मारायची. हूक नको, इलॅस्टिकही नको, बसल्यावर रुततं.

बाजूबंद आणि हातातल्यांनाही दोरीच. शेवटच्या महिन्यांत हातांना सूज असू शकते, सकाळी बसणारी बांगडी संध्याकाळी काढताना त्रास होतो.

मोतिया
सगळ्या पट्ट्यांना आतून सुती अस्तर. गोंदाचा वाळलेला टोकदार थेंब मानेला लागला तर तीन तास खाजत राहतो. उलट बाजूवर हात फिरवून बघा, टोचलं की कात्रीने छाटा. लाल किंवा राणी फेल्ट असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग सुटत असेल तर घामाने तो साडीवर उतरेल.

निशिगंधा_७
फुलांना वास यावा म्हणून मोगऱ्याचं अत्तर लावायचा विचार आहे.

बकुळफूल
सॅटिनवर थेट नको, तेलाचा डाग पडतो. मागच्या फेल्टला एक थेंब, आदल्या रात्री. पण आधी तिला विचारा. या दिवसांत उग्र वासाने मळमळतं, अत्तर नसलेलं बरं.

इतवारी_नागपूर
सामान कुठे मिळेल याची यादी करूया का? नागपुरात इतवारी.

सुबक_काम
पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, सुटं सामान आणि गुंडाळ्या दोन्ही. तयार दागिन्यांची रचना बघायला तुळशीबाग.

डोंबिवलीकर
मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. रिबन घेताना दुकानाबाहेर उजेडात नेऊन रंग बघा, आतल्या पिवळ्या दिव्याखाली मोतिया आणि पांढरा सारखेच दिसतात.

निशिगंधा_७
चर्चेचा धागा वर काढतेय. दोन दोऱ्यांचा हार करून झाला. खाली ८ मिमी, वर ४ मिमी मणी, चकत्या साडेतीन सेमी. रात्रभर हँगरला ठेवला, मधली ११ फुलं जागची हललेली नाहीत. कडा स्पिरिटच्या दिव्यावर पांढऱ्याच राहिल्या. कानातलं १४ ग्रॅमवरून ९ वर आलं.

फक्त दोन्ही टोकांची शेवटची दोन-दोन फुलं अजूनही खांद्याकडे तोंड करतात. तिथेही मणी तसेच आहेत.

टाकादोरा
छान झालं! टोकाची फुलं वळतात कारण तिथे दोऱ्या मानेकडे तिरक्या वर जातात, आणि चकतीतली भोकं मात्र आडवी आहेत. दोरी ताणली की ती भोकं आपल्या रेषेत ओढते आणि फूल गिरक्या घेतं. दोन्ही टोकांच्या मिळून त्या चार फुलांच्या चकत्या सोडवा, हार गळ्यात घालून दोरी जशी जाते त्या रेषेवर चकतीला पेन्सिलीने खूण करा आणि भोकं त्या तिरक्या रेषेत पाडा. प्रत्येक टोकाच्या शेवटच्या फुलानंतर दोन्ही दोऱ्या एकत्र करून एक गाठ, आणि त्यापुढे एकच दोरी मानेमागे.

मोतिया
आणि ती गाठ शेवटच्या फुलाच्या चकतीला चिकटून हवी. १ सेमी जरी मोकळी राहिली तरी फूल परत वळेल.

निशिगंधा_७
खूण करायला हँगर चालेल की माणसाच्याच गळ्यात घालावा?

टाकादोरा
माणसाच्याच, आणि तोच ब्लाऊज घालून. हँगरचा उतार खांद्यासारखाच असेल असं नाही, खूण चुकेल.